जुनी एमजीबी घ्यायचीय? आधी गाडीखाली झोपा

एमजी म्हटलं की आता आपल्याकडे सगळ्यांना हेक्टर आठवते, त्यामुळे मी घरी फोनवर सांगितलं की एमजी घेतली तर आई म्हणाली बरं झालं बाई, मोठी गाडी पाहिजेच होती, आम्ही आलो की बसायला. मोठी कसली. दोन सीट, वरचा टप कापडाचा, आणि उंची एवढी की ट्रकशेजारी सिग्नलला थांबलो तर त्याच्या चाकाचे नट मोजत बसायचं. १९७२ची एमजीबी रोडस्टर, क्रोम बंपरवाली. बिल्ला तोच अष्टकोनी, बाकी हेक्टरचा आणि हिचा काही संबंध नाही. ही ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डनला बनायची, मी स्विंडनला राहतो म्हणजे माझ्या घरापासून तासाभराच्या आत हिचं माहेर. १९६२ला सुरू झाली, १९८०च्या ऑक्टोबरला कारखाना बंद पडला, तेवढ्या १८ वर्षांत पाच लाखांच्या वर गाड्या गेल्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त अमेरिकेला.

दीड वर्ष झालं घेऊन, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. घेतल्या घेतल्या लिहिलेले रिव्ह्यू मी वाचत नाही, त्यात नव्या नवरीचं कौतुक असतं सगळं.

आधी गाडीबद्दल पटकन. १७९८ सीसीचं चार सिलेंडर इंजिन, ९५ च्या आसपास हॉर्सपॉवर, ताशी ६० मैल गाठायला १२ सेकंद. म्हणजे सिग्नलला शेजारची साधी डिझेल हॅचबॅक पण हिला सोडून निघून जाते आणि वर त्यातली आजी आपल्याकडे बघून हसते. पण टप खाली करून गावाकडच्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० ने चालवा, सायलेन्सरचा तो घशातला आवाज झाडीवरून परत येतो, ४० चा स्पीड ८० सारखा वाटतो आणि लायसन्सला धक्का नाही. स्पोर्ट्सकार म्हणजे फास्ट गाडी असा ज्याचा समज आहे त्याने हिच्या वाटेला जाऊ नये. आणि दुसरी गोष्ट म्हणजे पार्ट. ५० वर्षं जुन्या गाडीचा दरवाज्याच्या हँडलखालचा रबरी वॉशर दोन दिवसांत घरपोच येतो, इतकंच काय तर हिची अख्खी नवीन बॉडी मिळते, ब्रिटिश मोटर हेरिटेजवाले १९८८ पासून मूळ कारखान्याच्या डाय वापरून बनवतात. त्यामुळे "पार्ट मिळत नाही" हे कारण या गाडीत चालतच नाही. कुठली गोष्ट दुरुस्त होणार नाही असं नाही, फक्त कुठल्या गोष्टीला किती पैसे लागतात हे घ्यायच्या आधी माहीत पाहिजे, आणि लोक नेमकं तिथेच गंडतात. मी पण गंडलो असतो.

झालं असं, पहिली बघायला गेलो ती लाल होती. काय सांगू, लग्नातल्या घोड्यासारखी नटवली होती, तारांची चाकं चमकतायत, आत नवीन काळं लेदर, बॉनेट उघडलं तर इंजिनवर बोट फिरवून डोळ्याला काजळ लावलं तरी डोळा खराब होणार नाही इतकं स्वच्छ. मालकाने चहा दिला, बिस्किटं दिली. साडेनऊ हजार पाऊंड सांगितले, मी मनात पैसे देऊन पण टाकले होते. सांगलीला माझ्या आतेभावाचं गॅरेज आहे, तीस वर्षं अ‍ॅम्बॅसिडर, फियाट आणि जीपा केल्यात त्याने, त्याला व्हिडिओ कॉल लावला, जरा भाव खावा म्हणून. म्हटलं दादा इंजिनचा आवाज ऐक.

तो म्हणाला, "इंजिन ऱ्हाऊ दे रे. पत्रा दाव. चुंबक हाय का तुझ्याकडं?"

चुंबक होतं, कारण निघताना त्यानेच आठवण केली होती आणि मी फ्रीजवरचं गणपतीपुळ्याचं मॅग्नेट खिशात टाकलं होतं. रुमालात गुंडाळून रंगाला ओरखडा न येता लावत गेलो. बॉनेटला चिकटलं, दरवाज्याला चिकटलं, मागच्या चाकाच्या पुढे दरवाज्याखाली जो कोपरा येतो तिथे लावलं आणि हळूच घसरून गवतात पडलं. परत लावलं, परत पडलं. गणपतीपुळे गवतात उताणं. दादा तिकडून म्हणाला, "लांबी भरल्याली हाय. बोटभर तरी असंल. चहा पी आणि ये घरला." लांबी म्हणजे पुट्टी, सडलेल्या पत्र्याच्या जागी भरून वरून रंग मारतात, आणि तिला चुंबक चिकटत नाही. मालक बिचारा चांगला माणूस होता, त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं, त्याने पण ती तशीच नटवलेली घेतली होती. एवढंच की तो चुंबक न घेता गेला होता.

आता हे पत्र्याचं एवढं का ते सांगतो, कारण हा मुद्दा कळला की बाकी अर्ध्या गोष्टी आपोआप कळतात. या गाडीला वेगळी चेसिस नाही. जीपसारखी खाली शिडी आणि वर बॉडी ठेवली असं नसतं, पत्राच सगळं वजन पेलतो. त्यात वर छप्पर नाही. म्हणजे पुढचं चाक आणि मागचं चाक यांना धरून ठेवतो तो फक्त मधला बोगदा, फरशी आणि दोन बाजूंच्या सिल, दरवाज्याखालून जाणाऱ्या त्या लांब पेट्या. वाड्याला जशा तुळया तशा या. तुळईला वाळवी लागली की भिंतीला कितीही डिस्टेंपर मारा. आणि सिल म्हणजे एक पत्रा नाही, बाहेरची सिल, आतली सिल, त्या दोघींच्या मध्ये एक उभा पडदा, आणि खालून एक पट्टी जिला इथले लोक कॅसल रेल म्हणतात कारण तिचा आकार किल्ल्याच्या तटावरच्या चर्यांसारखा वरखाली आहे. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या आत मागच्या बाजूला साचतो, तिथे एक रबर लावलेली आडोशाची पट्टी असते, ते रबर वाळलं की चिखल आत, आणि इंग्लंडमध्ये थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात. मिठाचा ओला चिखल ५० वर्षं पत्र्यात भरून ठेवला तर काय होईल ते अलिबाग-मुरूडकडच्या माणसाला सांगायची गरज नाही.

सडलेली सिल नीट करायची म्हणजे पुढचं मडगार्ड उतरवायचं, मागच्याचा खालचा भाग कापायचा, दरवाज्याच्या चौकटीला आडवा टेकू वेल्ड करून गाडी ताठ धरायची, मग सगळे तीन-चार थर कापून नवे लावायचे, मग रंग. टेकू न लावता कापलं तर गाडी मधे वाकते आणि वाकलेल्या अवस्थेतच वेल्ड होते, मग ती कायमचं केळं. माझ्याकडे दोन ठिकाणचे आकडे होते, दोन्ही बाजू मिळून एकाने २८०० पाऊंड सांगितले एकाने ३४००, आणि दोघांनी पण खाली लिहिलं होतं की उघडल्यावर आत काय निघेल त्यावर अवलंबून, रंग वेगळा. या खर्चाला घाबरून बरेच जण काय करतात तर जुन्या सडक्या सिलवरच एक नवा पत्रा चढवतात, वरून काळा डांबरी रंग मारतात. दोन-तीन वर्षं दिसायला फस्क्लास. आत सडणं चालूच.

हे ओळखायचं कसं. एक तर पुढच्या मडगार्डचा खालचा कोपरा सिलला जिथे भेटतो तिथे सांधा दिसला पाहिजे, कारण हे मडगार्ड बोल्टने लावलेलं असतं, वेगळा भाग आहे. तिथे सांधा न दिसता सगळं गुळगुळीत एकसंध दिसत असेल तर कोणीतरी भरून टाकलंय. बाहेरच्या सिलवर स्टीलची चकचकीत पट्टी लावलेली असेल तर अजून जवळ जाऊन बघा, ती पट्टी कधी कधी शोभेसाठी असते आणि कधी कधी झाकायला. मग आतलं कार्पेट उचलायचं, मालकाला विचारून, आणि आतल्या सिलवर आणि फरशी जिथे तिला मिळते तिथे अंगठ्याने दाबायचं. आणि मग गाडीखाली झोपायचं. खरंच झोपायचं, वाकून बघितलं म्हणजे बघितलं असं नाही. मी एक जुनी सतरंजी आणि टॉर्च घेऊन जायचो, लोक हसायचे, हसू देत.

पण सगळ्यात भारी टेस्ट दुसऱ्या गाडीच्या वेळी कळली, आणि ही गाडी एका डीलरकडे होती, नाव घेत नाही. हिरवी गाडी, बारा हजार नऊशे, बोर्डावर लिहिलेलं की संपूर्ण रिस्टोरेशन केलेलं आहे. सूट घातलेला माणूस. दरवाजा उघडा-बंद करून बघितला तर ठकठक बसतोय, दरवाज्याची मागची फट वरपासून खालपर्यंत सारखी, माझी करंगळी आडवी जाते एवढी. मी म्हटलं जॅकवर घेऊन बघू का. तर म्हणे इन्शुरन्सचा प्रॉब्लेम आहे. म्हटलं तुम्ही घ्या, मी लांब उभा राहतो. कुरकुरत घेतली. जॅकची मूळ जागा बाजूला सिलच्या खाली मधोमध असते, एक चौकोनी नळी. त्यात जॅक घालून एक बाजू उचलायला लागला, मी दरवाज्याच्या त्या फटीकडे बघत उभा. चाक जमिनीवरून सुटायच्या आधीच फट मिटायला लागली, करंगळी होती तिथे आता क्रेडिट कार्ड पण जाईना. मी म्हटलं आता जरा दरवाजा उघडा. हँडल दाबलं, उघडेना. त्याने खांद्याने ढकललं तेव्हा कर्र करून उघडला आणि चौकटीवर हिरव्या रंगाचा एक टवका उडाला. दोघंही काही बोललो नाही थोडा वेळ. मग तो म्हणाला या मॉडेलमध्ये थोडं असतं असं. नसतं. चांगल्या गाडीत ती फट जराशी हलते पण दरवाजा उघडतो-लागतो. आणि दरवाजा उघडून मग गाडी उचलू नका कधी, सिल गेलेली असेल तर नंतर तो लागणारच नाही आणि मग भांडण वेगळं.

घरी येऊन त्या गाडीचा एमओटी इतिहास काढला, म्हणजे आपल्याकडच्या फिटनेससारखी इथली वार्षिक तपासणी. सरकारी साइटवर नंबरप्लेट टाकली की २००५ पासूनचा सगळा फुकट दिसतो, पास की नापास, कशात नापास, मायलेज किती. हे खरं तर जायच्या आधीच करायचं असतं, मी उलटं केलं. २०१४ ला सिल गंजली म्हणून नापास, आणि चार दिवसांनी पास. चार दिवसांत सिल होते का? ठिगळ होतं. संपूर्ण रिस्टोरेशन म्हणे.

एमओटीवरून अजून एक. २०१८ च्या मे महिन्यापासून ४० वर्षांहून जुन्या आणि फार बदल न केलेल्या गाडीला इथे एमओटीची सक्तीच नाही. शेवटची एमजीबी १९८०ची, म्हणजे आता सगळ्याच सुटल्या. रोड टॅक्स पण शून्य, फक्त हिस्टॉरिक म्हणून नोंद करून घ्यायची आणि दरवर्षी शून्याचा का होईना टॅक्स भरल्याचं दाखवायचं. ऐकायला छान वाटतं पण विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने हे वाईट आहे, कारण सहा-सात वर्षं कोणीही त्रयस्थ माणसाने गाडी खालून बघितलेली नसते. तेव्हा विकणाऱ्याला सरळ म्हणायचं, एमओटी करून दे, पैसे मी देतो. पन्नास-पंचावन्न पाऊंडांचा विषय. जो तयार होतो त्याची गाडी बघायची. जो म्हणतो गरजच नाही कायद्याने, त्याला नमस्कार.

बाकी गंजायच्या जागा पटापट. हेडलाइटच्या मागे मडगार्डच्या वरच्या कडेला फुगवटे. मागच्या पाट्यांचे, म्हणजे लीफ स्प्रिंगचे, हँगर जिथे बॉडीला लागतात तो भाग, तिथे पेचकसाच्या मुठीने टकटक करा, ठणठण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर नाही. काचेच्या खालची पट्टी. आणि सीटच्या मागे कार्पेटखाली एक झाकण असतं, त्याखाली बॅटरी. १९७४ पर्यंतच्या गाड्यांना १२ व्होल्टची एक नाही तर ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एक उजवीकडे एक डावीकडे, आणि बसवल्यात अशा जागी की वर्षानुवर्षं कोणी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही, अ‍ॅसिड सांडून खालचे ट्रे गळून पडतात. झाकण उघडून हात घाला. एका गाडीत मी हात घातला तर खालचा रस्ता दिसला.

इंजिनाला मी मुद्दाम एवढ्या उशिरा आलो. लोक सुरुवात इंजिनने करतात आणि संपवतात पण इंजिननेच. हे इंजिन म्हणजे बैल आहे, साधं, लोखंडी, कुठल्याही गॅरेजवाल्याला कळणारं. थकलं तरी कुरकुरत चार-पाच वर्षं काढतं, आणि एका दिवसात उतरवता येतं. तरी बघायच्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे गाडी थंड असताना सुरू करायची, जाऊन आधी रेडिएटरला हात लावायचा, कोमट लागला तर समजायचं आपल्यासाठी आधीच तापवून ठेवलीय, विचारायचं का बरं. ऑइल प्रेशरचा मीटर डॅशबोर्डवर असतोच, गरम झाल्यावर चालत्या गाडीत ५० च्या वर पाहिजे, सिग्नलला आयडलिंगला १५ ते २५ चालतं. गरम झाल्यावर चालत्या गाडीत ३० दाखवत असेल तर बेअरिंगचा खर्च धरा. ऑइलच्या झाकणाच्या आत पांढरं लोणी जमलंय का बघा, थोडंसं हिवाळ्यात सगळ्यांनाच येतं, भरपूर असेल तर हेड गॅस्केट गेल्याची शंका, म्हणजे इंजिनचं पाणी ऑइलमध्ये मिसळतंय. गाडीखाली दोन-चार थेंब ऑइल असणारच, ही ब्रिटिश गाडी आहे. ऑइलचा थेंबच नसेल तर आत ऑइल आहे का ते बघा.

हेडबद्दल एक प्रश्न नक्की विचारा, अनलेडेड पेट्रोलसाठी व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या कड्या, बदलल्यात का. ब्रिटनमध्ये शिसं घातलेलं पेट्रोल १९९९च्या अखेरीला बंद झालं, हे इंजिन त्या पेट्रोलवर वाढलेलं, ते शिसंच सीटना झिजण्यापासून वाचवायचं. सीट कडक धातूच्या बदलल्या असतील आणि बिल असेल तर उत्तम, नसतील तर पेट्रोलमध्ये अ‍ॅडिटिव्ह टाकत बसावं लागतं. शिवाय २०२१च्या सप्टेंबरपासून इथलं साधं पेट्रोल ई१० झालं, १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ते जुन्या रबरी पायपा खातं, म्हणून पायपा बदलल्या नसतील तर बदला आणि महागडं सुपरवालं ई५ टाका. आपल्याकडे तर आता ई२०, तिकडे जुन्या पद्मिनीवाल्यांचं काय होत असेल देव जाणे.

गिअरबॉक्स. १९६७च्या अखेरीपर्यंतच्या गाड्यांना पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअर न खरडता बसवणारी कडी, नाही, पूर्ण थांबल्याशिवाय टाकला तर खर्रर्र होणार, तो बिघाड नाही, स्वभाव आहे. त्याच सुमारास अर्थिंग पण बदललं, आधीच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थ आहेत, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं, तेव्हा त्यात आपला मोबाईल चार्जर किंवा टेप बसवायच्या आधी दहादा बघा. नंतरच्या गाड्यांत दुसरा गिअर पटकन उतरवून बघायचा, तिथला सिंक्रो आधी जातो.

आणि ओव्हरड्राइव्ह. हे मी समोर बसून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. ओव्हरड्राइव्ह म्हणजे पाचवा गिअर नाही, चौथ्यावरच बोटाने एक बटण किंवा दांडी ओढली की मागच्या एका डब्यातले गिअर लागतात आणि क्लच न दाबता इंजिन खाली येतं. ७० मैलांवर चौथ्यात ही गाडी ३९०० आरपीएमवर ओरडत असते, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. दांडी ओढा, एक क्षण काही होत नाही, मग खालून कोणीतरी पाठीवर हलकी थाप मारल्यासारखं वाटतं आणि काटा सरकत ३२०० वर येतो, आवाज बसतो, अचानक वारा ऐकू येतो. पहिल्यांदा झालं तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो. ज्या गाडीला हे नाही ती मोटरवेवर नेऊ नका, आणि ज्याला आहे पण "लागत नाही, नुसता स्विचचा प्रॉब्लेम आहे" असं सांगतात तिथे किमतीतून पैसे कापून घ्या. खरंच स्विचचा असेल तर त्यानेच नसता का बदलला, वीस पाऊंडाचा स्विच.

पुढची चाकं जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवायची. खटखट झाली तर किंगपिन झिजलेत, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं तो उभा खिळा. या किंगपिनला दर ३००० मैलांना ग्रीस लागतं, एकेका बाजूला तीन निपल. आता तुम्हीच सांगा, सध्याच्या जगात ग्रीसगन कोणाकडे असते, त्यामुळे दहातल्या बऱ्याच गाड्यांत ती सुकलेली असतात. विकणाऱ्याला सहज विचारायचं की ग्रीस कधी मारलं होतं, तो ज्या तोंडाने बघतो त्यावरून कळतं. तारांच्या चाकांना पेन्सिल फिरवायची, सायकलच्या तारांवर आपण लहानपणी फिरवायचो तशीच, सगळ्यांचा सूर साधारण एक आला पाहिजे, मधेच एक ठप्प वाजली तर ती सैल. ती चाकं दिसायला देखणी पण आतले खाचे झिजतात, मग ब्रेक मारला की खट आणि सोडला की खट. साधी डिस्कची चाकं असतील तर मी म्हणेन देवाने वाचवलं.

वायरिंगबद्दल इथे सगळे जण विनोद करतात, मला विचाराल तर निम्मे प्रॉब्लेम अर्थिंगचे असतात. वायर काढायची, जागा पॉलिशपेपरने घासायची, परत लावायची. सगळे दिवे, इंडिकेटर, वायपर, हीटर एकदा लावून बघा आणि पुढे व्हा.

क्रोम बंपर घ्यावी की रबर बंपर, यावर इथे भाऊबंदकी चालते. १९७४च्या शरदात अमेरिकेच्या नियमांसाठी स्टीलच्या बंपरच्या जागी काळे रबरी बंपर आले आणि गाडी इंच-दीड इंचाने उंच केली. दिसायला मला पण नाही आवडत, वळणावर जरा जास्त डोलते, पण स्वस्तात मिळते, आणि या गाड्या खाली करून घेता येतात. पैसे कमी असतील तर सडक्या क्रोमपेक्षा धडधाकट रबर घ्या, डोळे झाकून. किंवा जीटी घ्या, १९६५ला आलेली, वर पक्कं छप्पर, पिनिनफारिनाने आकार दिलेली, छपरामुळे बॉडी पण ताठ राहते आणि किंमत रोडस्टरपेक्षा कमी. मागे सीट आहे असं म्हणतात. मुलं नाही बसत, मुलांची दप्तरं बसतात. आमच्या घरात या दोघींवर मतदान झालं होतं, मी हरायला पाहिजे होतो.

तिसरी गाडी जी मी घेतली ती दिसायला सगळ्यात मार खाणारी. रंग करपलेल्या थालीपीठासारखा, सीटला ठिगळं, टपाची मागची प्लॅस्टिकची काच पिवळी पडलेली, पुढच्या बंपरला पोक. मालक रिटायर झालेले आजोबा, ग्लॉस्टरशायरमधल्या एका खेड्यात. त्यांनी चहा विचारायच्या आधी एक फाइल काढून दिली. १९९१ पासूनची बिलं, आणि त्यात सिलच्या कामाचे फोटो, मडगार्ड उतरवलेलं, चौकटीत टेकू लावलेला, आतला पडदा नवा लावलेला, कॅसल रेल नवी, मग वरची सिल. एकेका टप्प्याचा फोटो, मागे पेनने तारीख. दादाला कॉलवर फाइल दाखवत होतो तर तो पाच मिनिटं गप्प होता, तो गप्प बसला म्हणजे त्याला आवडलं. मग एवढंच म्हणाला, "म्हाताऱ्यानं पोरीसारखी सांभाळलीया."

जॅक लावला, करंगळी जात होती तिथे करंगळी जात राहिली. चुंबक सगळीकडे चिकटलं. ओव्हरड्राइव्हने थाप मारली. दुसऱ्या गिअरला उतरताना जरा खर्र झालं, त्याचे आणि टपाचे मिळून किमतीतून पैसे कापायला सांगितले, ८२०० ला सौदा झाला. इन्शुरन्स क्लासिक पॉलिसीचा घेतला, वर्षाला ३००० मैलांची मर्यादा आणि गाडीची किंमत आधीच ठरवून लिहून घेतलेली, हे लिहून घ्याच, नाहीतर ठोकली गेल्यावर ते जुन्या गाडीचे भंगाराचे पैसे हातात देतील.

दीड वर्षात काय काय झालं तर वॉटर पंप गेला, एक इंडिकेटर दोनदा, दुसऱ्या गिअरचं खर्र आहे तसंच आहे, आणि एकदा पावसात माझ्या डाव्या गुडघ्यावर नेमाने थेंब पडत होता तो टपाच्या कोपऱ्यातून, अजून पडतो. पेट्रोल गॅलनला २५ मैल देते. सांध्याला ग्रीस मी स्वतः मारतो, रविवारी सकाळी, बायको म्हणते देवपूजा एवढ्या नेमाने केली असतीस तर. पाचपैकी चार देईन गाडीला, अर्धा तिच्या हीटरमुळे कापला आणि अर्धा पुढे सांगतो त्यामुळे.

एवढं सगळं बघून मी एक जागा विसरलो. पेट्रोलची टाकी. ती डिकीच्या फरशीखाली टांगलेली असते, खालून दिसते, खालून मी बघितली, छान होती. पण तिची वरची बाजू आणि फरशी यांच्यामध्ये बोटभर जागा असते, तिथे चिखल बसतो आणि टाकी वरून सडते. अर्धी भरलेली असेल तर वर्षभर काही कळत नाही. मी कधी अर्ध्याच्या वर भरलीच नव्हती. गेल्या गणपतीत रीडिंगला मित्राकडे आरतीला निघालो, म्हटलं लांब जायचंय, पहिल्यांदाच गळ्यापर्यंत भरली. डिकीत बायकोने पहाटे उठून केलेले ५१ उकडीचे मोदक, केळीच्या पानावर, डब्याला झाकण होतं पण घट्ट नव्हतं.

आरती झाली, नैवेद्य दाखवला, मित्राच्या आईने पहिला मोदक हातात घेतला, नाकाशी नेला, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "अरे, तूप कुठलं वापरलंत?"